समुद्रापलीकडचे फोटो आणि पत्रे

दसरा-दिवाळी झाली की आपल्या परभणी जिल्ह्यातली पुष्कळ माणसे ऊस तोडायला निघतात. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागांतून गाड्या भरभरून जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, बिऱ्हाड पाठीवर घ्यायचे, लेकरू कडेवर घ्यायचे आणि कारखान्याच्या फडावर जायचे. हे तुम्हा-आम्हाला नवीन नाही.

पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी काही मराठी माणसे उसाच्या कामाला याहून फार लांब गेली. ती समुद्र ओलांडून गेली. बहुतेक परत आलीच नाहीत. त्यांची पणतवंडे-खापरपणतवंडे आज तिथेच राहतात. त्या जागेचे नाव मॉरिशस.

ती माणसे कशी जगली? त्यांनी काय सोसले? त्यांना विचारायला आज कुणी हयात नाही. पण त्यांचे काही फोटो उरले आहेत, काही पत्रे आणि अर्ज उरले आहेत. त्या कागदांवरून आपल्याला त्यांची हकीकत कळते. असे कागद कसे वाचावेत, ते या पाठात आपण पाहणार आहोत.

१. मॉरिशस कुठे आहे?

मॉरिशस हे हिंदी महासागरातले एक बेट आहे. बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेली जमीन. मुंबईहून ते चार हजारांवर किलोमीटर दूर आहे. आकाराने ते आपल्या परभणी जिल्ह्याच्या जेमतेम एक तृतीयांश आहे.

चारशे-सव्वाचारशे वर्षांपूर्वी तिथे माणसांची वस्तीच नव्हती. आधी १५९८ साली डच लोक तिथे उतरले. पुढे ते निघून गेले. मग १७१५ साली फ्रेंचांनी बेट ताब्यात घेतले. फ्रेंच लोक तिथे घरे बांधून राहिले, जमिनी धरून बसले. परक्या मुलखात जाऊन अशी कायमची वस्ती करतात, तिला वसाहत म्हणतात.

जमीन मालकाची झाली, पण राबणार कोण? मालकांनी आफ्रिकेतून आणि मादागास्कर बेटातून माणसे धरून आणली आणि त्यांना गुलाम केले. १८१० साली बेट इंग्रजांनी जिंकले. राज्य इंग्रजांचे झाले, पण मळे फ्रेंच मालकांकडेच राहिले. १८३५ साली तिथली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. मालकांना सरकारने नुकसानभरपाई दिली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबून घाम गाळला, त्या गुलामांना मात्र काही मिळाले नाही.

सुटलेल्या गुलामांना पुन्हा त्याच मालकाच्या मळ्यात पाय ठेवायची इच्छा नव्हती. मग मालकांची नजर हिंदुस्थानाकडे वळली.

२. पाच वर्षांचा सालगडी

आपल्याकडे गुढीपाडव्याला सालगडी ठरतो. बोली एका वर्षाची असते. मॉरिशसला जाणाऱ्यांची बोली बहुतेक वेळा पाच वर्षांची होती. पगार सुरुवातीला महिना ५ रुपये. शिवाय तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा. हा करार कागदावर लिहिलेला असे. करार या शब्दाला इंग्रजीत ॲग्रीमेंट म्हणतात. परदेशी गेलेल्या आपल्या लोकांच्या तोंडी त्याचे ‘गिरमिट’ झाले.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ नावाच्या जहाजातून ३६ मजूर मॉरिशसला उतरले. ते कलकत्त्याहून निघाले होते. पुढे १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानातून त्या बेटावर गेली. बिहार आणि आसपासच्या मुलखातले लोक कलकत्त्याच्या बंदरातून गेले. तमिळ आणि तेलुगू लोक मद्रासहून गेले. मराठी माणसे मुंबईहून गेली. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या बाजूचे लोक पुष्कळ होते.

नुसत्या मॉरिशसचीच ही गोष्ट नाही. दक्षिण आफ्रिकेतले नाताळ, फिजी, त्रिनिदाद, गयाना, सुरिनाम अशा दूरदूरच्या वसाहतींतही हिंदी मजूर याच रीतीने गेले.

शिडाच्या जहाजातून मुंबईहून जायला महिना-दीड महिना लागे. पोर्ट लुई हे तिथले बंदर. बंदरावर उतरले की दगडी पायऱ्या चढून मजूर सरकारी आवारात यायचे. एक-दोन दिवस तिथे राहायचे. वैद्यकीय तपासणी व्हायची, नाव लिहिले जायचे. मग ज्याने करार केला त्या मळ्यावर रवानगी. हे आवार आजही आहे. त्याला ‘आप्रवासी घाट’ म्हणतात. २००६ साली युनेस्को या जागतिक संस्थेने त्याला जागतिक वारशाचा मान दिला.

३. सरकारने काढलेला फोटो

आता कागदांकडे वळू.

बंदरावर उतरलेल्या प्रत्येक माणसाला एक नंबर मिळत असे. मोठ्या वह्यांत त्याची नोंद होई. नंबर, नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा, जहाजाचे नाव आणि कोणत्या मळ्यावर पाठवले ते. १८६० नंतरच्या काही वर्षांत मजुरांचे फोटो काढायलाही सुरुवात झाली.

हे फोटो आपण कसे वाचावेत? समजा, असा एक फोटो आपल्यासमोर आहे. फोटोत एक माणूस समोर बघतो आहे. अंगावर साधे कपडे. चेहरा ताठ. हसू नाही. त्या काळी फोटो निघायला काही सेकंद लागत, तोवर जराही हलायचे नाही असा दंडक असे. म्हणून चेहरे ताठ दिसतात. पण तेवढेच कारण असेल का? घर सुटलेले, समुद्र नुकताच ओलांडलेला, पुढे काय आहे ते ठाऊक नाही, अशा माणसाला हसू कुठून येणार?

काही फोटोंत बाया आहेत. नाकात नथ किंवा चमकी, हातात कडी. कुणाच्या मांडीवर मूल आहे. दागिना हीच बाईची शिल्लक. घरदार सुटले तरी ती शिल्लक तिने अंगावर जपली.

आता एक प्रश्न विचारू. हा फोटो कुणी काढला, आणि कशासाठी?

मजुराला आपली आठवण राहावी म्हणून हा फोटो नव्हता. मजूर पळाला तर पोलिसांना ओळखता यावा, म्हणून तो काढलेला होता. १८६७ साली मॉरिशसमध्ये एक कडक कायदा झाला. ज्यांची कराराची वर्षे संपली होती, त्या जुन्या मजुरांनाही फोटोचे तिकीट जवळ बाळगणे भाग पडले. फोटो काढायला कॅमेरा आला त्याआधीच कितीतरी मराठी माणसे त्या बेटावर गेली होती. तीही या कायद्याच्या तावडीत सापडली. तिकीट जवळ नसले, किंवा हरवले, की पोलीस पकडायचे. नवे तिकीट काढायला पैसे भरावे लागत. मोकळा झालेला माणूस शेजारच्या गावी भावाला भेटायला निघाला, तरी वाटेत अटक होण्याची भीती. अशा अटकेत हजारो लोक सापडले.

म्हणजे एकाच फोटोत दोन गोष्टी आहेत. तो सरकारच्या हातातला दोर होता. आणि आज त्या माणसाच्या वंशजांना आपल्या पूर्वजाचा चेहरा दाखवणारी तीच एक वस्तू आहे.

४. मालकाने काढवलेला फोटो

त्या काळचे आणखी एका तऱ्हेचे फोटो आहेत. हे मळ्याच्या मालकांनी हौसेने काढवून घेतलेले. मोठे घर, पुढे रुंद ओसरी, खुर्चीवर बसलेले मालक-मालकीण, पांढऱ्या कपड्यांतली मुले. मागे नोकर उभे. उसाच्या फडाचे फोटोही आहेत. त्यांत ऊस उंच आणि डौलदार दिसतो. माणसे लहान दिसतात.

या फोटोंत मालकाचे नाव लिहिलेले सापडते. मागे उभ्या असलेल्या नोकराचे नाव सहसा सापडत नाही. ऊस तोडणाऱ्याचे तर नाहीच.

फोटो खोटे बोलत नाही, असे लोक म्हणतात. पण फोटो सगळेच सांगतो असेही नाही. त्या फडाच्या फोटोत पगार दिसत नाही. मजूर एक दिवस कामावर आला नाही, तर दोन दिवसांचा पगार कापण्याची तिथे रीत होती. ती रीत फोटोत दिसत नाही. ती कळते कागदावरच्या अक्षरांतून.

५. पत्रे आणि अर्ज

मळ्यावर गेलेले बहुतेक लोक निरक्षर होते. पत्र लिहायचे तर लिहिता येणारा शोधावा लागे. तो लिहील ते खरे. घरी पैसे पाठवल्याचे, भावाला बोलावल्याचे, आजारपणाचे असे निरोप या पत्रांतून जात. इकडून बायका आणि आईबाप विचारणा करीत, की आमचा माणूस जिवंत आहे का, आणि असला तर कोणत्या मळ्यावर आहे. गावाचे नाव किंवा मळ्याचे नाव चुकले, की पत्र पोचत नसे. एवढ्याशा चुकीने कितीतरी माणसे आपल्या माणसांना कायमची पारखी झाली असतील.

नाव चुकणे तर फार सोपे होते. नाव सांगणारा मराठी, लिहून घेणारा इंग्रजी किंवा फ्रेंच कागद भरणारा. कानावर पडेल तसे तो लिहायचा. त्या काळच्या इंग्रजी कागदांत रत्नागिरीचे ‘रटनाघेरी’ झालेले दिसते. सांगणाऱ्याला अक्षर येत नव्हते. मग लिहिलेले बरोबर की चूक, हे तो कसे तपासणार? पुष्कळांची तर आडनावेही गळाली. पूर्वजाचे पहिले नाव होते, तेच घराण्याचे आडनाव झाले. सखाराम, भिवाजी अशी आडनावे मॉरिशसमध्ये आजही आहेत.

पण लिहिलेल्या कागदाची ताकदही याच बेटावर दिसली.

आडोल्फ दे प्लेव्हित्झ नावाचा एक गृहस्थ तिथे एका मळ्याचा कारभार पाहत होता. तो स्वतः युरोपियन होता. पण मजुरांचे हाल त्याला पाहवेनात. १८७१ साली त्याने जुन्या मजुरांचा एक अर्ज तयार केला. तिकिटाचा जाच, पोलिसांची धरपकड, पगाराची कापाकापी, सारे त्यात मांडले. त्या अर्जाला ९,४०१ मजुरांनी आपली नावे जोडली. अर्ज गव्हर्नरकडे गेला.

मळेवाले खवळले. याला बेटाबाहेर घालवा, अशी मागणी त्यांनी केली. भर रस्त्यात त्याच्यावर हल्ला झाला. पण अर्ज गेला तो गेलाच. कागद फाडून चालणार नव्हता, कारण मागे नऊ हजारांवर माणसे उभी होती. इंग्लंडहून चौकशी करायला दोन माणसे आली. त्यांनी गावोगाव आणि मळोमळी फिरून चौकशी केली. १८७५ साली त्यांचा अहवाल निघाला. मजुरांच्या तक्रारी खऱ्या आहेत, असे त्यातून दिसून आले. १८७८ साली मजुरांचा कायदा बदलला. सारे दुःख संपले असे नाही, पण जाच कमी व्हायला सुरुवात झाली.

एकेकटा मजूर तोंडी तक्रार घेऊन गेला असता, तर त्याला हाकलून दिले असते. नऊ हजार नावांचा अर्ज हाकलता आला नाही.

६. पुढे काय झाले?

१९०१ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परत येताना मॉरिशसला उतरले. जवळजवळ तीन आठवडे राहिले. मुलांना शिकवा, असे त्यांनी तिथल्या हिंदी लोकांना सांगितले. पुढे १९०७ साली मणिलाल डॉक्टर नावाचे वकील तिथे गेले. त्यांनी मजुरांचे खटले चालवले आणि ‘हिंदुस्थानी’ नावाचे वर्तमानपत्र काढले. १९१० साली मॉरिशसची मजूरभरती थांबली.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. १२ मार्च हा गांधीजींच्या दांडीयात्रेचा दिवस. तो मुद्दाम निवडला. एके काळी ज्यांच्या पूर्वजांना नंबराने ओळखत, त्यांच्यातलीच माणसे देशाचा कारभार पाहू लागली.

तिथले मराठी लोक आज घरात बहुधा क्रेओल नावाची भाषा बोलतात. पण गणपती बसवतात. गणेश चतुर्थीच्या सणाची तिथे सरकारी सुटी असते. कोकणातला जाखडी नाच तिथे ‘झाकरी’ या नावाने टिकला आहे. शाळांतून मराठी शिकण्याची सोय आहे.

आणि ते फोटो? त्या जुन्या वह्या आणि फोटो आता महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवले आहेत. ही संस्था १९७० साली स्थापन झाली. तिथले लोक आपल्या आज्या-पणज्याचा शोध घ्यायला तिथे जातात. नंबर ठाऊक असला, किंवा जहाजाचे नाव आणि साल ठाऊक असले, तर नोंद सापडते. गावाचे नाव कळते. कधी चेहरा दिसतो. नंबर ठाऊक नसला, तर शोध फार अवघड होतो. घरात कुणी एक चिठ्ठी जपून ठेवली असती, तर काम सोपे झाले असते.

७. आपण यातून काय घ्यावे?

गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग विठ्ठलाने स्वतः लिहून घेतले, अशी गोष्ट आपण ऐकतो. दळणकांडण करणाऱ्या बाईचे बोल टिकले, ते लिहिले गेले म्हणून. आपल्यासाठी देव लेखणी घेऊन येईल, अशी वाट पाहायला नको. आता आपल्याला अक्षर आले आहे.

आपल्या जुन्या खतांवर आणि करारांवर ‘निशाणी नांगर’, ‘निशाणी बांगडी’ अशा खुणा दिसतात. सही न येणारा शेतकरी नांगराची खूण करी, बाई बांगडीची करी. खाली खूण आपली, पण वरचा मजकूर दुसऱ्याचा. त्या मजकुरात काय आहे, ते आपल्या पूर्वजांना वाचता येत नव्हते. आपल्याला येते. म्हणून:

उचल घेताना कागद वाचा. रक्कम, तारीख आणि मुकादमाचे नाव पाहा. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांतही लिहून घ्या. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. एक प्रत स्वतःजवळ ठेवा. फडावर किती दिवस काम केले, किती टन ऊस तोडला, ते रोजच्या रोज वहीत लिहा.

घरातल्या फोटोंमागे नावे लिहा. पेन्सिलीने, हलक्या हाताने. कोण, कुणाचा कोण, कोणते गाव, कोणते साल. आज आजी आहे तोवर तिला विचारून घ्या. आजी गेल्यावर त्या फोटोतल्या माणसाचे नाव सांगायला कुणी उरणार नाही. मोबाईलमधले फोटो मोबाईलबरोबर जातात. चार मोजके फोटो कागदावर काढून घ्या.

जुनी पत्रे टाकू नका. पाकीटही ठेवा, कारण टपालाच्या शिक्क्यावर गाव आणि तारीख असते. ओल, ऊन आणि वाळवी यांपासून कागद जपा. पत्र्याच्या पेटीत, स्वच्छ कापडात गुंडाळून ठेवा.

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे पुष्कळ घरांत मोडीतले किंवा उर्दूतले कागद आहेत. वाचता येत नाहीत म्हणून ते चुलीत घालू नका. वाचणारा भेटेल. जमिनीचा, वाटणीचा, नात्याचा पुरावा त्यात असू शकतो.

आणि एक पत्र स्वतः लिहा. मोठे नको. आपले नाव, आईबापाचे नाव, गाव, आपण कोणते काम केले, कुठे कुठे गेलो, एवढे दहा ओळींत लिहा. खाली तारीख घाला. ते घरात ठेवा. मॉरिशसच्या फोटोंखाली सरकारने नंबर लिहिले. आपल्या फोटोखाली आपले नाव आपण लिहू.

शब्दांचे अर्थ

वसाहत – परक्या मुलखात जाऊन केलेली वस्ती
करार – दोघांनी मान्य करून लिहिलेली बोली
गव्हर्नर – वसाहतीचा मुख्य सरकारी अंमलदार
अहवाल – चौकशी करून लिहिलेली हकीकत
वंशज – नंतरच्या पिढ्यांतली माणसे
पारखा होणे – दुरावणे, मुकणे

प्रश्न

१. गुलामगिरी बंद झाल्यावर मॉरिशसच्या मालकांनी मजूर कोठून आणले?
२. सरकारने मजुरांचे फोटो कशासाठी काढले? आज ते फोटो कुणाच्या उपयोगी पडतात?
३. मालकाच्या फोटोत कोणत्या गोष्टी दिसत नाहीत?
४. १८७१ च्या अर्जावर किती मजुरांची नावे होती? त्यामुळे काय घडले?

हे करा

घरातला एक जुना फोटो वर्गात आणा. त्यातल्या माणसांची नावे, गाव आणि साल घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहा. मग तो कागद सर्वांना वाचून दाखवा.